बाबांचा पिंजरा, आईची हाक

मी वडिलांशी खोटं बोललो ते भीतीपोटी नाही, गरजेपोटीही नाही. शेजारणीच्या अंगणात शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, बार्बेक्यूची शेगडी पेटायची आणि चार निवडक लोक जमायचे. तिथे मला बोलावणं हवं होतं, म्हणून बोललो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

कतारमध्ये, दोह्याच्या अल दुहैल भागात आम्ही राहतो त्या भिंतीआडच्या कंपाउंडमध्ये मराठी घर एकच, आमचं. शेजारीण ऑस्ट्रेलियाची. तिचा नवरा माझ्याच ऑफिसात, माझ्याहून दोन मजले वर बसायचा. चार वर्षांत त्याला माझं नाव नीट घेता आलं नव्हतं, तर त्याची अडचण नको म्हणून मीच माझं नाव अर्धं करून टाकलं होतं. तेही तो विसरायचा. माझी बायको म्हणायची, "तुझं काय अडलंय त्यांच्यावाचून?" काही अडलं नव्हतं. तरी कुंपणापलीकडून हसण्याचे आवाज आले की माझ्या पोटात दुखायचं.

ही शेजारीण पक्ष्यांवर जीव टाकणारी होती. तिच्या गावाभोवती एक छोटा हिरवा पोपट राहतो, आणि तो आता फार थोडा उरलाय. निलगिरीच्या म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत तो अंडी घालतो. झाडं तुटली, ढोल्या संपल्या, आणि उरल्यासुरल्या ढोल्यांत साळुंक्या घुसल्या. आपल्याच साळुंक्या, पिवळ्या चोचीच्या. कधीकाळी शेतातले किडे खायला म्हणून गोऱ्यांनीच त्या तिकडे नेल्या होत्या. आता त्या पोपटांची अंडी ढकलून देतात, पिल्लांना टोचून बाहेर टाकतात. ढोलीखाली पडलेल्या पिल्लाचा फोटो तिने मला दाखवला होता. दाखवताना तिचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं.

तिच्या गावातल्या लोकांनी मग स्वतःच कंबर कसली होती. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, दुकानदार, सगळे रविवारी एकत्र येऊन रोपं लावायचे, झाडांवर लाकडी घरटी टांगायचे आणि साळुंक्या पकडायचे. अडचण अशी, की साळुंकी हुशार. एक अडकून धडपडताना पाहिली की बाकीच्या महिनाभर त्या बाजूला फिरकत नाहीत. त्यांचे पिंजरे रिकामे राहू लागले होते. दोह्यातही साळुंकी बाहेरचीच, आणि आमच्या कंपाउंडमध्ये तर थव्याने. शेजारणीने रीतसर परवानगी काढली, पाच-सहा घरं जमवली आणि ठरवलं, की पिंजरा इथे सुधारायचा आणि जमला की आराखडा गावाला पाठवायचा. तिचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. या गोष्टीत चूक मी केली.

त्याच थंडीत बाबा आमच्याकडे आले. आई जाऊन तीन महिने झाले होते. बाबा नाशिकला सुतारकाम शिकवायचे. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी खिशात पेन्सिल असायचीच. पण दोह्यात आले ते तोंडाला कुलूप लावूनच. आम्ही दोघं ऑफिसला, लेक शाळेला. ती आठ वर्षांची, मराठी समजायचं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. बाबा दिवसभर मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, ताट पुसून स्वच्छ करायचे आणि परत जाऊन बसायचे. ताटात कण टाकताना मी त्यांना जन्मात पाहिलं नाही. महिनाभरात ते जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

आई नाशिकच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज सकाळी भिजवलेल्या पोळीचे तुकडे ठेवायची. "या गं बायांनो, खाऊन घ्या," म्हणायची. 'बायांनो'वर तिचा आवाज थोडा वर चढायचा. साळुंक्या यायच्या, भांडायच्या, खिडकी घाण करायच्या. बाबा चाळीस वर्षं त्यावरून कुरकुरले. "तू त्यांना लाडावून ठेवलंस, पुसायचं कुणी?" पुसायचे तेच.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी टाय बांधत होतो आणि मागच्या दारातून आईचे शब्द ऐकू आले. आवाज बाबांचा, घोगरा, पण 'बायांनो'वर तसाच चढलेला. बायकोने हातातला डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि ती रडायला लागली. मी दारातून पाहिलं. बाबांच्या पायाशी सात-आठ साळुंक्या होत्या आणि बाबा त्यांच्याशी बोलत होते. पोळी कालची आहे, आजची अजून व्हायचीय, दमानं घ्या, असलं काहीबाही.

त्या दिवसापासून बाबा बोलायला लागले. आधी साळुंक्यांशी, मग लेकीशी, मग आमच्याशी. एक साळुंकी एका पायाने लंगडी होती, ती थेट त्यांच्या तळहातावर येऊन बसायची. संध्याकाळी मी घरी आलो की पहिली बातमी लंगडीची. त्या हाकेवर बाबा परत जगायला लागले होते, आणि हे मला पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

शेजारणीने हे कुंपणावरून पाहिलं. ज्या पाखरांना ती दोन महिने पिंजऱ्याजवळ आणू शकली नव्हती, ती एका म्हाताऱ्याच्या हाकेवर धावत येत होती. त्याच आठवड्यात मला शुक्रवारचं बोलावणं आलं. तिथे माझ्या हातात ताटली देऊन तिने विचारलं, की तुझे वडील मदत करतील का. तिने काहीही लपवलं नाही. साळुंक्या पकडून गॅसने मारायच्या, त्यांना त्रास होणार नाही असं बघायचं, आणि वडिलांना सगळं नीट समजावून सांग, त्यांची मर्जी असेल तरच, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, नक्की. आणि बाबांना तिथेच बोलावून घेतलं.

"काय म्हणतात बाई?" बाबांनी विचारलं.

"इथे रस्त्यांवर गाड्यांखाली फार पाखरं मरतात, बाबा. म्हणून त्यांना पकडून उत्तरेकडच्या शेतांवर नेऊन सोडतात. तुमची मदत हवीय त्यांना. पिंजरा नीट जमत नाहीये."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुठली कोण बाई, आणि आपल्या साळुंक्यांसाठी एवढं करते." त्यांनी तिला हात जोडले. ते काय म्हणाले, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, ते तयार आहेत.

इतकं सोपं होतं. मध्ये मी एकटाच उभा होतो, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि तिला मराठी.

पुढच्या शनिवारी मी बाबांना लाकूड आणि जाळी घ्यायला इंडस्ट्रियल एरियात घेऊन गेलो. बाबा वखारीत शिरले आणि दहा वर्षांनी लहान झाले. फळ्यांवर नखं ओढून पाहत होते, वास घेत होते. तिथला कापणी करणारा मिस्त्री रत्नागिरीकडचा निघाला. बाबांचं मराठी ऐकून त्याने मशीन बंद केलं, चहा मागवला. बाबांनी त्याला कागदावरचा पिंजरा दाखवला. एक बोगदा, मग खालचा कप्पा, मग वर जायची वाट, मग वरचा कप्पा.

"काका, पाखरू आत गेला तर भायर येनार कुठून?"

"बाहेर काढायला माणसं आहेत. उत्तरेकडे शेतावर नेऊन सोडतात."

"साळुंकीला?" मिस्त्री म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "यल्ला, चला बाबा, उशीर होतोय." मिस्त्रीने पुढे काही विचारलं नाही. पण कापणीचे पैसे तो बाबांकडून घेईना, आणि मी पुढे केलेले मात्र त्याने मुकाट्याने घेतले.

बाबांनी तो पिंजरा नुसता बनवला नाही, त्यातली सगळी खोट काढली. शेजारणीच्या गावच्या पिंजऱ्यात झडप पडताना 'खट्' वाजायचं आणि पुढची साळुंकी सावध व्हायची. बाबांनी झडप पातळ प्लायवूडची केली, पाखराच्या स्वतःच्या वजनाने हळूच मागे येणारी, आणि लेकीच्या हस्तकलेच्या डब्यातलं मऊ कापड तिच्या कडेला चिकटवलं. वरच्या कप्प्यात जाळीवर पाय ठेवायला साळुंकी बिचकते म्हणून तिथे गोल घासलेली दांडी बसवली. "बसायला जागा दिसली की येते," ते म्हणाले. "पाहुणा आला तर आधी पाट मांडतो ना आपण, तसं." सावलीला वर गोणपाट, प्यायला मातीची वाटी. ओट्यावर दिवसभर रंधा चालायचा. शेजारीण त्यांच्या पेन्सिलीच्या आकृत्यांचे फोटो काढून गावाला पाठवायची, आणि तिकडून भरभरून कौतुक यायचं. ते मी अगदी शब्दन्‌शब्द खरं सांगायचो.

पिंजऱ्यात पहिली एक साळुंकी कायम ठेवावी लागते. तिला निवांत खाताना पाहून, तिचा आवाज ऐकून बाकीच्या येतात. कुठली ठेवायची असा प्रश्न आला तेव्हा लंगडीचं नाव मी सुचवलं. ती माणसाळलेली होती, पिंजऱ्यात धडपडली नसती. बाबांना सांगितलं, तिच्या पायावर शेतावरचे डॉक्टर इलाज करतील, पण तिचा नंबर यायला वेळ आहे. बाबांनी तिला तळहातावर घेतली आणि आपल्या हाताने आत सोडली.

मग रोज सकाळी बाबा पिंजऱ्याजवळ उभे राहून हाक मारायचे. "या गं बायांनो, खाऊन घ्या." त्या यायच्या. बोगद्यातून आत, दांडीवर, एकीमागून एक. झडप आवाज न करता मागे यायची. बाबा जाळीला बोट लावून त्यांना सांगायचे, की शेतावर पाणी आहे, झाडं आहेत, तिकडे गाड्या नाहीत. मी शेजारी उभा राहून ऐकायचो.

गुरुवारी संध्याकाळी मी भरलेला कप्पा शेजारणीच्या गॅरेजमध्ये न्यायचो. सोड्याच्या मशीनला लावतात तसला सिलिंडर तिथे होता आणि झाकणाची एक मोठी पेटी. पहिल्या वेळी शेजारणीने दाखवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि संपेपर्यंत ती पेटीवर हात ठेवून उभी होती. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी करतो. पंख आतून पेटीला लागतात. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळात ते थांबतं. तिसऱ्या गुरुवारी मी ते चालू असताना मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर पाहिला. त्या बाईच्या मनात क्रौर्य नव्हतं. त्याचा पुरवठा मी केला.

माझे दिवस फिरले. दर शुक्रवारी बोलावणं येऊ लागलं. शेजारणीचा नवरा लिफ्टमध्ये माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि माझं अर्धं नाव बरोबर घ्यायचा. मी घरी येऊन बायकोला ते सांगायचो. ती म्हणायची, "बाबांना खरं सांग." मी म्हणायचो, सांगतो. एकदा ती म्हणाली, "तू नाही सांगितलंस तर मी सांगेन." मी तिला म्हटलं, "सांग की. मग बघ ते पुन्हा तोंड उघडतात का." तिचंही तोंड मी असं बंद केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी कंपाउंडमध्ये साळुंक्या विरळ झाल्या. शेजारीण म्हणाली, आता पिंजरा धुऊन ठेवू. मी लंगडीलाही पेटीत घातलं. ती हातावर निवांत बसली होती, तिला वाटलं असेल पोळी मिळणार.

"लंगडीला कुठं सोडलं?" बाबांनी विचारलं.

"उत्तरेला, अल खोरच्या बाजूला. पाण्याजवळ."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "तिला फार उडावं लागू नये."

मार्चात क्लबहाउसमध्ये छोटा समारंभ झाला. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणला होता. शेजारणीच्या गावात बाबांच्या आराखड्याचे पिंजरे लागले होते आणि तिकडे एका ढोलीत पोपटाची पिल्लं सुखरूप वाढून उडाली होती. त्या पिल्लांचा फोटो फ्रेम करून तिने बाबांसाठी आणला होता. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, हातात ताटली धरून उभे होते. ती बोलली, मी पुढे होऊन सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती माझ्या लेकीकडे वळून हसली. आज आजोबांना तू सांग, म्हणाली.

लेकीला कुणी मराठीत बोलायला सांगत नसे. ती लाजली, मग शब्द शोधत म्हणाली, "आजोबा, तुमचा ट्रॅप बेस्ट आहे. सगळ्या साळुंक्या मेल्या. आता पॅरटची बेबीज सेफ आहेत."

"कुठल्या साळुंक्या?"

"आपल्या. गॅसने." आणि तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. प्रत्येक आठवड्यासमोर साळुंकीचं चित्र होतं आणि त्यावर फुली. बाबा दोन महिने रोज फिरायला जाताना त्या तक्त्यासमोरून जात होते. किती पाखरं शेतावर पोचली ते त्यात मांडलंय, असं मी त्यांना सांगितलं होतं.

सगळे टाळ्या वाजवत होते. बाबांनी फ्रेम घेतली, सगळ्यांना नमस्कार केला. मग खाली बसून ताटलीतलं सगळं संपवलं, शेवटच्या घासापर्यंत.  घरी आल्यावर दारात चपला काढताना त्यांनी विचारलं, "लंगडी पण?"

"हो."

"कुणी केलं?"

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "त्या बाईंनी."

बाबांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही ते मला आजही माहीत नाही. शेजारणीला मात्र ते त्यानंतर कधी सामोरे गेले नाहीत. ती कुंपणापाशी आली की ते आत येत. तिला वाटलं, त्यांची तब्येत बरी नाही. तिने सूप पाठवलं.

मला वाटलं होतं, बाबा पुन्हा गप्प होतील. ते झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ओट्यावरून हाक ऐकू आली, तशीच, 'बायांनो'वर चढलेली. उरलेल्या पाच-सहा साळुंक्या उतरल्या. बाबांच्या एका हातात पोळी होती. दुसऱ्या हातात खजुराच्या बियांची वाटी होती. त्या पायाशी आल्या आणि बाबांनी मूठभर बिया त्यांच्या अंगावर जोरात मारल्या. चाळीस वर्षं हातोडी धरलेला हात, नेम चुकला नाही. एक साळुंकी कोलमडून पडली आणि कशीबशी उडाली. बाकीच्या झाडावर बसून ओरडत राहिल्या. बाबांनी खाली वाकून बिया गोळा केल्या.

असं रोज चाललं. आधी गोड हाक, मग मार. संध्याकाळीही. दुसऱ्या घरांच्या छपरावरून नवीन साळुंक्या यायच्या, त्यांनाही. लेक घाबरून खोलीत जाऊन बसायची. बायको एकदा रडून म्हणाली, "बाबा, नका हो मारू. आईंची हाक आहे ती." बाबा म्हणाले, "म्हणूनच. ती ऐकली की पळायचं, एवढं त्यांना कळायला हवं. मी गेल्यावर इथं दुसरं कोण तशी हाक मारेल, सांगता येत नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोटांच्या पेरांवर बियांनी ओरखडे उठले होते. हाक मारताना त्यांचा आवाज फाटायचा, तरी ते ती अर्धवट मारायचे नाहीत.

व्हिसा संपला, त्या सकाळी बॅग दारात होती. बाबा पोळी घेऊन शेवटचे मागे गेले. वाटी नेली नाही. त्यांनी हाक मारली, थांबले, पुन्हा मारली. समोरच्या झाडावर साळुंक्या होत्या, त्यांचा कलकल आवाज येत होता. हाकेसरशी तो बंद झाला. एकही खाली आली नाही.

"शिकल्या," बाबा म्हणाले. मग आत येऊन त्यांनी हातातली पोळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसले. ती फ्रेम त्यांनी नेली नाही. ती आमच्या स्टोअरमध्ये आहे. फोटोतली पिल्लं सुरेख आहेत.

पुढच्या थंडीत साळुंक्या पुन्हा वाढल्या. शेजारणीने पिंजरा बाहेर काढला, आत नवी साळुंकी ठेवली, पण आठ दिवसांत एकही आली नाही. ती म्हणाली, तुझे वडील काय बोलायचे ते तुला येतं ना. मला 'नाही' म्हणता आलं असतं. शुक्रवार होता, शेगडी पेटली होती, तिचा नवरा हातात ग्लास घेऊन कौतुकाने बघत होता. मी पोळी भिजवली, पिंजऱ्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि आईच्या आवाजात हाक मारली.

"या गं बायांनो, खाऊन घ्या."

झाडावरच्या सगळ्या साळुंक्या एकदम उडाल्या आणि भिंतीपलीकडे निघून गेल्या.